प्रिंटलाइन नसलेली बातमी : भोकरदनच्या बाजारातून दिसणारा माध्यमांचा इतिहास



सोशल मीडियानं मार्केटिंग आणि माध्यमं कशी बदलली, हा विषय निघाला की बोलणं बहुधा पुण्या-मुंबईच्या जाहिरात कंपन्यांकडे वळतं. फार तर बंगळुरूपर्यंत जातं. आम्ही आज हा विषय भोकरदनमधून मांडणार आहोत. जालना जिल्ह्यातला हा तालुका. कापूस, मका, सोयाबीन आणि मिरची पिकवणारा. राजूरच्या गणपतीमुळे आणि पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारामुळे लोकांना माहीत असलेला. माध्यमांच्या इतिहासात याचं नाव कुणी घेत नाही. पण खरेदी-विक्री आणि बातमी या दोन गोष्टी एकमेकींत कशा गुंतत गेल्या, हे इथं दोन हजार वर्षांच्या पट्ट्यावर बघता येतं. असं ठिकाण सहज मिळत नाही.

सुरुवात जुन्यापासून करू. भोकरदनचं प्राचीन नाव भोगवर्धन. केळणा नदीकाठच्या या गावात १९७३ च्या सुमारास नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून उत्खनन केलं. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. आर. एस. गुप्ते यांनी त्याचा अहवाल लिहिला. सातवाहनकालीन वस्ती, मणी, मृण्मूर्ती असं बरंच काही निघालं. त्यात एक हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा होता. या तुकड्याचं महत्त्व कळायला इटलीतल्या पॉम्पेईला जावं लागतं. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या त्या शहरात १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. पूर्वी तिला लक्ष्मी म्हणायचे, आता बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात. भोकरदनचा तुकडा आणि तेरला सापडलेली मूर्ती यांचं त्या मूर्तीशी जवळचं साम्य आहे. पॉम्पेईची मूर्ती नेमकी कुठं घडली, यावर विद्वानांत वाद आहे. तो आपण त्यांच्यावर सोपवू. आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की पैठणहून उज्जैनीकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गाच्या टापूतलं हे गाव होतं आणि इथल्या धाटणीचा माल फार लांब ओळखला जात होता.

दुसरा पुरावा सांचीचा आहे. सांचीच्या आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. शेकडो नावं. कोण, कुठला, कधी कधी धंदा काय, आणि दान दिलं, एवढाच मजकूर. त्यात भोगवर्धनचे लोक आहेत. म्हणजे आपल्या या गावचे लोक दोन हजार वर्षांपूर्वी शेकडो किलोमीटरवर जाऊन आपलं नाव आणि गावाचं नाव दगडावर कोरून आले. सांचीच्याच दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी नोंद ठेवली आहे, की इथलं कोरीव काम आम्ही केलं. याला श्रद्धा म्हणा. पण त्यात ओळख निर्माण करणंही होतं. यात्रेकरू येणार, वाचणार किंवा कुणाकडून वाचून घेणार, आणि विदिशेचे कारागीर किंवा भोगवर्धनचे दाते त्यांच्या लक्षात राहणार. आज चौकातल्या फ्लेक्सवर खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून जी रांग असते, तिचे पूर्वज हे आहेत, असं आम्ही म्हटलं तर हसू नका. फरक एवढाच की फ्लेक्स पंधरा दिवसांत फाटतो.

या जुन्या गोष्टीतून एक सूत्र हाती येतं आणि तेच आजच्या व्याख्यानाचं सूत्र आहे. माणसानं काही सांगितलं, विकलं किंवा दान दिलं, की त्याबरोबर तीन गोष्टी चिकटलेल्या असायच्या. कोण सांगतंय, कुठून सांगतंय आणि ते टिकणार किती. माध्यमं बदलली की या तिन्ही गोष्टींचं काय होतं, ते बघत पुढं जाऊ.

आता एकदम १८०३ साली येऊ. २३ सप्टेंबर. असईची लढाई. असई आपल्याच जिल्ह्यात, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली. पुढं वॉटर्लू जिंकून हाच ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजला. लढाईच्या डावपेचांत आज शिरायचं नाही. आपल्याला बघायची आहे ती खबर. वेलस्लीची माहितीची सगळी भिस्त हरकाऱ्यांवर होती. हरकाऱ्यांनी खबर आणली की मराठ्यांची फौज भोकरदनला आहे. आता ‘भोकरदन’ हे गावाचंही नाव आणि त्या परगण्याचंही. खबर खोटी नव्हती. फौज भोकरदन भागातच होती, पण तिचा तळ नदीकाठानं पार असईपर्यंत पसरलेला होता. वेलस्लीनं शत्रू बारा-चौदा मैलांवर आहे असा हिशेब धरला होता, आणि नळणीला पोचल्यावर त्याला कळलं की तो त्याच्या निम्म्याच अंतरावर आहे. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी तुकडी येण्याची वाट न पाहता त्यानं त्याच दिवशी हल्ला केला. लढाई जिंकली, पण त्याची सुमारे दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. मराठ्यांकडचीही मोठी हानी झाली.

खबर खरी, पण ठिकाण मोघम. एवढ्यानं काय होऊ शकतं, ते या भागानं २०० वर्षांपूर्वी पाहिलं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

यानंतर छापखान्याचं युग येतं. ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं, हे आपल्याला पाठ आहे. पण भोकरदन तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. राज्यकारभाराची भाषा आधी फारसी, पुढं उर्दू. मराठी शाळा कमी, वाचणारे कमी. पुढं तर जाहीर सभा घ्यायलाही परवानगी काढावी लागे. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला ‘गश्ती निशान ५३’ हे शब्द आठवत असतील. तो हाच हुकूम. आज आम्ही उभे राहून बोलतोय तसं व्याख्यान द्यायचं तरी आधी अर्ज. अशा काळात १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आ. कृ. वाघमारे यांनी हैदराबादेतून ‘मराठवाडा’ हे पत्र काढलं. सरकारनं बंदी घालायची आणि त्यांनी नाव बदलून पुन्हा अंक काढायचा, असा तो सामना होता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. पुढं अनंत भालेरावांच्या संपादकपदाखाली ‘मराठवाडा’ औरंगाबादेतून निघू लागला आणि या विभागाचा आवाज झाला. १९८१ च्या १ मे रोजी औरंगाबादेतून वेगळा निघून जालना जिल्हा झाला, १९८२ मध्ये ‘लोकमत’ची औरंगाबाद आवृत्ती सुरू झाली. जिल्ह्याची पानं, मग जिल्ह्याच्या पुरवण्या आल्या. भोकरदन तालुक्यातल्या एखाद्या गावच्या पाणीटंचाईची बातमी दुसऱ्या दिवशी छापून येऊ लागली. साधी वाटते, पण ही फार मोठी गोष्ट होती.

वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर तळाला एक बारीक ओळ असते. मालक, मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी तमुक छापखान्यात छापून इथं प्रसिद्ध केलं, संपादक अमुक. तिला प्रिंटलाइन म्हणतात. इंग्रजी मुलखात १८६७ च्या कायद्यानं ती सक्तीची केली होती. इंग्रज सरकारला पत्रकारांवर नजर ठेवायची होती, म्हणून ती आली, यात शंका नाही. पण वाचकाला तिचा वेगळाच उपयोग झाला. बातमी चुकली तर जायचं कुठं, नोटीस पाठवायची कुणाला, भांडायचं कुणाशी, याचा पत्ता मिळाला. वाचकांच्या पत्रांवर संपादक ‘या मताशी सहमत असतीलच असे नाही’ असं म्हणून अंग काढून घ्यायचे खरे. पण तेसुद्धा आपल्या नावानिशी.

आता बाजाराकडे वळू. तालुक्याच्या गावात मार्केटिंग म्हणजे काय होतं? दवंडी होती. आठवडी बाजारात ओरडून विकणारा होता. नवा सिनेमा लागला की भोंगा लावलेली रिक्षा गावभर फिरायची. एसटी स्टँडच्या आणि सोसायटीच्या भिंतींवर बियाणांच्या, खतांच्या, सिमेंटच्या जाहिराती रंगवलेल्या असायच्या. आपला जालना जिल्हा तर बियाणे उद्योगाचं घरच. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ‘महिको’ स्थापन केली, आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाणं हा विकायला मोठा अवघड माल आहे. पिशवीत सगळे दाणे सारखेच दिसतात. चांगलं की वाईट, हे चार महिन्यांनी कळतं, आणि तोवर हंगाम गेलेला असतो. म्हणून बियाण्याची खरी जाहिरात भिंतीवर होत नाही, शेतात होते. ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात प्रात्यक्षिकाचा प्लॉट करायचा, पीक उभं असताना आसपासच्या गावचे लोक बोलवायचे, जेवण द्यायचं. माणूस शेजाऱ्याच्या शेतावर विश्वास ठेवतो. आज ज्याला ‘इन्फ्लुएन्सर मार्केटिंग’ म्हणतात, त्याचं जालना जिल्ह्यातलं रूप हे होतं. फक्त तो इन्फ्लुएन्सर बांधाला बांध लागून राहायचा. बियाणं फसलं तर रोज सकाळी समोर यायचा.

मग इंटरनेट आलं. इथं थोडं थांबायला हवं, कारण मराठी इंटरनेटचा इतिहास शहरात एक आणि तालुक्यात दुसरा आहे. ‘मायबोली’ १९९६ मध्ये सुरू झालं, तेही परदेशातल्या मराठी माणसांच्या पुढाकारानं. २००७ मध्ये ‘मिसळपाव’ आणि ‘उपक्रम’ आले. २००५ ते २०१० या काळात मराठी ब्लॉगांना बहर आला. वृत्तवाहिन्या ब्लॉगांच्या स्पर्धा घेऊ लागल्या. संपादकाच्या टेबलावरून न जाता आपलं लिखाण लोकांपर्यंत पोचू शकतं, हा शोध फार मोलाचा होता. सिनेमा, पुस्तकं, भटकंती, पाककृती यांवर लिहिणारे कितीतरी चांगले लेखक ब्लॉगांतून पुढं आले.

पण भोकरदनसारख्या गावात ब्लॉगचं युग जवळजवळ आलंच नाही. कारणं साधी होती. ब्लॉगला संगणक लागतो, त्याला वीज लागते, आणि ते दिवस तासन्‌तास भारनियमनाचे होते. त्यात देवनागरीचा घोळ. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक वर्तमानपत्राचा, प्रत्येक डीटीपी सेंटरचा फॉन्ट वेगळा. एकाचा मजकूर दुसऱ्याकडे उघडला की ठोकळे आणि चिन्हं. ‘बरहा’, ‘गमभन’ यांसारख्या साधनांनी टंकलेखन सोपं केलं, पण ते ज्याच्याकडे संगणक त्याच्यासाठी. म्हणून पुण्यातला मराठी माणूस छापील पानावरून ब्लॉगवर, ब्लॉगवरून फेसबुकवर असा पायरी-पायरीनं आला. आपला तालुका मात्र मधल्या पायऱ्या गाळून थेट मोबाइलवर आला.

आणि तो आला एका झटक्यात. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ बाजारात उतरलं. डेटा इतका स्वस्त झाला की मिस्ड कॉल देणारा माणूस व्हिडिओ बघायला लागला. खरं तर सामाजिक पातळीवर व्हॉट्सअॅपची ताकद त्याच्या महिनाभर आधीच दिसली होती. ९ ऑगस्ट २०१६ ला औरंगाबादला पहिला मराठा क्रांती मोर्चा निघाला. एवढी माणसं, एवढी शिस्त, आणि निरोप पोचवण्यात मोठा वाटा होता तो मोबाइलवरच्या गटांचा.

त्यानंतरच्या काळात ग्रामीण महाराष्ट्रानं या माध्यमात काय काय केलं, ते पाहिलं तर अभिमान वाटावा असंच आहे. सातारा भागातून ‘गावाकडच्या गोष्टी’ आली, बारामती भागातून ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ आली. गावाची भाषा, गावचीच माणसं, आणि बघणारे लाखो. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमनबाई धामणे यांचं ‘आपली आजी’ हे पाककृतींचं चॅनेल २०२० मध्ये राज्यभर पोचलं. परभणी जिल्ह्यातले पंजाबराव डख यांचे हवामान अंदाज व्हॉट्सअॅप आणि यूट्यूबवरून मराठवाड्याच्या गावागावांत ऐकले जातात. त्यांच्या अंदाजांच्या शास्त्रीय आधारावर हवामान अभ्यासकांनी प्रश्न उभे केले, तरी ऐकणारे कमी झाले नाहीत. का? आमच्या मते उत्तर भाषेत आहे. हवामान खात्याचा अंदाज जिल्ह्यापुरता आणि कागदी भाषेत यायचा. डख शेतकऱ्याच्या बोलीत, पेरणी करू की थांबू या प्रश्नाला धरून बोलतात. अंदाज बरोबर की चूक हा वेगळा प्रश्न. पण बोलायचं कुणाशी आणि कसं, हे संस्थांना जमलं नाही ते एका माणसानं करून दाखवलं. माध्यमांच्या इतिहासात हा धडा नोंदवायला हवा.

बाजारात काय झालं? मिरचीचंच उदाहरण घ्या. हिरवी मिरची तोडली की थांबता येत नाही. पूर्वी शेतकरी माल घेऊन बाजारात जायचा आणि तिथं गेल्यावर त्याला दर कळायचा. दर पडलेला असला तरी परत नेणं शक्य नाही, मिळेल त्या भावात द्यायचं. आता तोडणीच्या आधी चार बाजारांचे दर मोबाइलवर येतात. याचा परिणाम किती होतो, यावर केरळचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञानं उत्तर केरळच्या मच्छीमारांचा अभ्यास करून २००७ मध्ये तो छापला. १९९७ नंतर तिथं मोबाइल आले. मच्छीमार समुद्रातूनच किनाऱ्यांवरचे दर विचारू लागले. वेगवेगळ्या बंदरांतल्या दरांची तफावत एकदम कमी झाली आणि गिऱ्हाईक नाही म्हणून मासे फेकून देणं जवळजवळ थांबलं. मासळी आणि मिरची, दोन्ही नाशवंत. त्यामुळे हा फायदा खरा आहे आणि तो कुणी नाकारू नये.

पण केरळच्या त्या मच्छीमाराचा फोन ओळखीच्या माणसाला लागत होता. आज दराचा जो स्क्रीनशॉट येतो, तो कुणी टाकला? कालचा की आजचा? कुठल्या बाजाराचा? चांगल्या मालाचा की सरसकट? आणि चढ्या दराचा तोच फोटो पाहून शंभर जणांनी एकाच दिवशी माल नेला तर तो दर राहील का? असईच्या हरकाऱ्याची गोष्ट इथं पुन्हा येते. खबर खरी असून चालत नाही. कुठली, कधीची आणि कुणाची, हेही त्यासोबत यावं लागतं.

या प्रश्नाचं सर्वांत भयानक उत्तर महाराष्ट्राला १ जुलै २०१८ ला मिळालं. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला त्या दिवशी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षेकरी म्हणून गावोगाव फिरणारी, तिथं आली. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा मोबाइलवर आधीच पसरली होती. जमावानं त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मारून टाकलं. त्या काळात देशभर फिरलेल्या अशा व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेल्या जनजागृतीच्या फिल्ममधून कापलेला होता. कराचीची फिल्म, कापून, ‘आपल्या भागात’ असं लिहून. ‘आपला भाग’ म्हणजे कुठला? ज्याच्या हातात मोबाइल, त्याचाच भाग. शिवाय शतकानुशतकं गावोगाव फिरून निरोप, कथा, भविष्य, गाणी पोचवणारे हे भटके समाज स्वतःच आपल्याकडचं एक जुनं माध्यम होते. नव्या माध्यमाच्या अफवेनं जुन्या माध्यमातल्या माणसांचा जीव घेतला. हे आम्ही अलंकारिक बोलत नाही, अक्षरशः घडलं आहे.

त्यानंतर व्हॉट्सअॅपनं भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आणि आणखी एक गोष्ट केली. जुलै २०१८ मध्ये अफवा कशा ओळखाव्यात हे सांगायला कंपनीनं पानभर जाहिराती दिल्या. कुठं? वर्तमानपत्रांत. स्वतःच्या माध्यमातली विश्वासाची तूट भरून काढायला कंपनीला छापील पानाकडे यावं लागलं. कारण त्या पानाखाली प्रिंटलाइन होती.

इथं कुणी म्हणेल, की छापील पान काय मोठं सोवळं होतं? नव्हतंच. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत पैसे घेऊन बातम्या छापल्याचं प्रकरण पी. साईनाथ यांनी उघड केलं होतं. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं २०१० मध्ये ‘पेड न्यूज’वर अहवालही तयार केला. म्हणजे जाहिरात आणि बातमी यांची सरमिसळ फेसबुकनं आणली, असं म्हणणं इतिहासाला धरून नाही. पण एक लक्षात घ्या. तेव्हा ते पकडता आलं, कारण अंक हातात होता. तीन वेगवेगळ्या पत्रांत एकच मजकूर शब्दशः छापलेला दाखवता आला. आज प्रत्येकाच्या मोबाइलवर वेगळी जाहिरात येते आणि चोवीस तासांत स्टेटस पुसलं जातं. पुरावा ठेवणार कोण?

नियम नाहीत असं नाही. जाहिरात मानक परिषदेनं २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये आणि मग केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं, की पैसे किंवा वस्तू घेऊन शिफारस करत असाल तर तसं स्पष्ट लिहा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. कागदावर चांगलं आहे. पण तालुक्याच्या गावात येऊन बघा. कृषी सेवा केंद्र चालवायचं तर परवाना लागतो, साठ्याची नोंद लागते, पावती द्यावी लागते. तेच औषध ‘एकरी एवढं वापरा’ म्हणून मोबाइलवर सांगणाऱ्या दादाला यातलं काहीच लागत नाही. ते औषध कंपनीनं फुकट दिलंय की विकत घेतलंय, हे त्यानं सांगायला हवं. ते बहुतेक वेळा कळत नाही.

आता आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. तालुक्याच्या बातमीचा खर्च कोण करत होतं? तालुक्याच्या वार्ताहराला पगार असा क्वचितच असतो. मानधन नाममात्र आणि जाहिरातीवर कमिशन. दुकानाचं उद्घाटन, नेत्याचा वाढदिवस, दिवाळीच्या शुभेच्छा, जाहीर नोटिसा, यांतून त्याचं घर चालायचं. ही व्यवस्था सदोष होती. ज्याची जाहिरात त्याच्याविरुद्ध लिहायला हात आखडायचा, हे सगळ्यांना माहीत आहे. पण या मोडक्यातोडक्या व्यवस्थेतून पंचायत समितीच्या सभेला, बाजार समितीच्या निवडणुकीला, कोर्टाला, रुग्णालयाला कुणीतरी वही-पेन घेऊन हजर राहत होतं. आता वाढदिवसाची जाहिरात स्टेटसवर फुकट होते. दुकानदार शंभर-दोनशे रुपयांत फेसबुकवर आजूबाजूच्या गावांपुरती जाहिरात चालवतो. त्याचं काही चुकत नाही. त्याला स्वस्त पडतं आणि गिऱ्हाईक येतं. देशपातळीवर हेच चित्र आहे. फिक्की-ईवाय अहवालानुसार २०२४ मध्ये डिजिटल माध्यमांनी उलाढालीत टीव्हीलाही मागं टाकलं. पण भोकरदनच्या दुकानदाराचे ते दोनशे रुपये आता थेट कॅलिफोर्नियाला जातात. त्यातला एक रुपयाही पंचायत समितीच्या सभेला कुणी हजर राहावं म्हणून खर्च होत नाही.

मग ती जागा कोण भरतं? काही तरुण पोरं भरतायत. मोबाइल, एक माइक, यूट्यूबचं चॅनेल. त्यांनी कामंही केली आहेत. रस्त्याचे खड्डे, रेशनचा घोळ, बंद पडलेली आरोग्य केंद्रं लोकांसमोर आणली. १ सप्टेंबर २०२३ ला आपल्याच जिल्ह्यात अंतरवाली सराटीला लाठीमार झाला, तेव्हा दुसऱ्या दिवशीचा अंक छापून यायच्या आत मोबाइलवरची दृश्यं महाराष्ट्रभर पोचली होती आणि राज्याचं राजकारण हललं होतं. एका खेड्यातली घटना झाकता आली नाही, हे या माध्यमाचं बळ. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, छत्रपती संभाजीनगर आणि बीड जिल्ह्यांत काही तासांसाठी इंटरनेट बंद केलं गेलं, हा त्याचाच दुसरा भाग. निजामाच्या काळात सभा थांबवायला गश्ती हुकूम लागायचा. आता एका आदेशात बातमी, अफवा, मिरचीचा दर आणि पैशाची देवघेव, चारही एकदम थांबतात, कारण चारही एकाच नळातून येतात. सगळं एकाच नळावर आणून ठेवलं की चावी कुणाच्या हातात, हा प्रश्न उरतोच. ती चावी सरकारकडे असते, कंपनीकडेही असते.

शेवटी इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आमची एक चिंता सांगतो. भोगवर्धनच्या दात्यांची नावं दोन हजार वर्षं टिकली. असईची हकिकत पत्रांमुळे टिकली. ‘मराठवाडा’चे जुने अंक शोधून वाचता येतात. पण २०२० नंतरचा भोकरदन तालुका पन्नास वर्षांनी कुणाला लिहायचा झाला, तर साधनं कुठली? व्हॉट्सअॅपचे गट फोन बदलला की गेले. स्टेटस एका दिवसाचं. यूट्यूबचं चॅनेल बंद पडलं की संपलं. इतके फोटो, इतकं बोलणं पूर्वी कधीच झालं नव्हतं, आणि तरीही आपण कदाचित सर्वांत कमी कागद मागं ठेवणारी पिढी ठरू.

यावर मोठे उपाय सरकार आणि कंपन्या करतील तेव्हा करतील. आपल्या हातातल्या दोन गोष्टी आम्ही सांगतो. पहिली, आपली प्रिंटलाइन आपण लिहायची. दर टाका, बातमी टाका, औषधाची शिफारस करा, पण खाली नाव, गाव, तारीख लिहा. पैसे घेतले असतील तर तेही लिहा. आणि ज्याच्याखाली यातलं काही नाही, ते ‘आलं तसं पुढं पाठवतोय’ म्हणून पाठवायचं नाही. दुसरी, गावच्या सार्वजनिक वाचनालयानं महिन्यातून एकदा तालुक्याच्या महत्त्वाच्या बातम्या, दर, व्हिडिओ उतरवून एका हार्डडिस्कवर आणि त्यांची यादी एका साध्या वहीत ठेवायची. काम कंटाळवाणं आहे, खर्च फार नाही. कॉलेजची दोन पोरं हे करू शकतात.

सांचीला ज्यानं नाव कोरलं, त्यालाही ते पुढं कोण वाचणार हे माहीत नव्हतं. त्यानं फक्त आपलं नाव आणि गाव नीट लिहिलं. आपण तेवढं तरी करू.